उचंत खात्यातले अक्षर

पोलादपूरच्या बाजारपेठेत एका जैन कुटुंबाचे तीन पिढ्यांचे किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत आजोबांच्या काळातली लोखंडी तिजोरी आहे. जागेची कागदपत्रे, थोडे सोने आणि बँकेच्या ठेवींच्या पावत्या एवढाच तिचा ऐवज. मागच्या दिवाळीपासून त्यात एका खाकी पाकिटाची भर पडली होती. पाकिटात रक्ततपासणीचा नऊ पानांचा अहवाल होता. तिजोरीत तो आहे हे घरात दोघांनाच ठाऊक होते : दुकानाचे मालक आणि त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी. अहवालावर मुलीचे नाव होते. ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

या मुलीची आई चव्वेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने आजारी पडली. मुंबईच्या वाऱ्या, शस्त्रक्रिया, औषधे सारे झाले आणि तीन वर्षांनी, महाडच्या महापुराच्या दोन वर्षे आधी, ती गेली. मुलगी पुढे सी.ए. झाली आणि पुण्यात नोकरीला लागली. आईचा आजार तिच्या मनातून गेला नव्हता, म्हणून तिने कोणालाही न सांगता स्वतःची जनुकीय तपासणी करून घेतली. अहवाल आला तेव्हा तिने तो वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी इंग्रजीतील नऊ पानांतून एकच शब्द ओळखला : बीआरसीए-२. पत्नीच्या आजारपणात रुग्णालयाच्या ओसरीवर हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला होता. शेजारी ‘बदल आढळला’ असे लिहिले होते. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

त्याच सुमारास साताऱ्याकडच्या एका चांगल्या घराशी मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू होती. मुलगा मुलीला पसंत होता. वडिलांनी ‘पत्रिका जमत नाही’ असा निरोप धाडला आणि पाकीट तिजोरीत ठेवले. ओळखीच्या एका डॉक्टरांना त्यांनी फोनवर विचारले. त्यांनी अहवाल न पाहता, केवळ जनुकाचे नाव ऐकून, दोन्ही स्तन काढून टाकणे अधिक सुरक्षित, असा सल्ला दिला. त्या रात्रीपासून बापलेकींचे एकमेकांशी मोजकेच बोलणे होऊ लागले.

मे महिन्यात महाडहून भाची आली. तिच्या वडिलांचे महाडच्या बाजारात कापडाचे दुकान आहे आणि पोलादपूर हे तिचे आजोळ. महाड ते पोलादपूर हे वीसेक किलोमीटरचे अंतर लहानपणापासून तिने प्रत्येक सुट्टीत ओलांडलेले. आता ती मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षात होती. दुपारी दुकान झाकल्यावर मामांनी तिजोरी उघडली आणि पाकीट तिच्या हाती दिले.

“तू डॉक्टर होते आहेस. हे वाच आणि काय ते खरे सांग.”

तिने नऊ पाने दोनदा वाचली. मग म्हणाली, “मामा, हिला रोग होणार असे यात लिहिलेले नाही. होणार नाही, असेही लिहिलेले नाही. या बदलाचा अर्थ अजून कोणाला लावता आलेला नाही, एवढेच लिहिले आहे.”

“चार वर्षे शिकून एवढेच सांगता येते?”

“मामा, तीन महिन्यांपूर्वी मला एवढेही सांगता आले नसते. मीही तुमच्यासारखेच जनुकाचे नाव वाचून घाबरले असते.”

हे उत्तर विनयाचे नव्हते, वस्तुस्थितीचे होते. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजे जीवशास्त्रातील माहिती संगणकाच्या साहाय्याने साठवण्याचे, ताडून पाहण्याचे आणि तिचा अर्थ लावण्याचे शास्त्र, हा स्वतंत्र विषय नाही. महाराष्ट्राला हे शास्त्र नवे नाही. पुणे विद्यापीठात त्याचे केंद्र १९८७ साली सुरू झाले. पण तेथून तयार होऊन बाहेर पडले ते विज्ञानाचे पदवीधर. रुग्णाच्या खाटेजवळ उभा राहणारा डॉक्टर या वर्गाबाहेरच राहिला. दरम्यान जनुकीय तपासणी स्वस्त होत गेली, जाहिरातींतून घरोघर पोचली, आणि ज्याने तो अहवाल समजावून सांगायचा त्यालाच तो वाचता येत नाही, अशी स्थिती आली. २०१९च्या नव्या अभ्यासक्रमाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या निवडीच्या विषयासाठी काही आठवडे मोकळे दिले. त्याला इलेक्टिव्ह म्हणतात. पोलादपूरच्या या भाचीने त्या आठवड्यांत हा विषय घेतला होता. वर्गात सहा विद्यार्थी होते आणि शिकवणाऱ्या बाई विकृतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या.

पहिल्या दिवशी बाईंनी व्याख्यान दिले नाही. प्रत्येकाचे गाव विचारले आणि ‘महाड’ हे उत्तर ऐकून फळ्यावर सदतीस इंग्रजी अक्षरांची एक ओळ लिहिली. ही अक्षरे म्हणजे एका प्रथिनातील सदतीस अमिनो आम्ले होती. हे प्रथिन कोणाचे, ते शोधून काढा, एवढेच काम. विद्यार्थ्यांनी ती ओळ ‘ब्लास्ट’ नावाच्या संगणकीय साधनात भरली. जगभरातील प्रयोगशाळांनी जमा केलेल्या कोट्यवधी ओळींशी ते साधन नवी ओळ ताडून पाहते आणि जुळणाऱ्या ओळी क्रमाने मांडते. काही क्षणांत उत्तर आले : आयबेरिओटॉक्सिन, भारतातील तांबड्या विंचवाच्या विषातील एक घटक. १९९० साली हा घटक शुद्ध स्वरूपात वेगळा केला गेला. पेशीच्या आवरणात पोटॅशियमची ये-जा होण्याच्या ज्या वाटा असतात, त्यांतील एका प्रकारची वाट तो अडवतो. यादीत त्याच्या खालोखाल पश्चिम आशियाच्या वाळवंटी विंचवाच्या विषातील घटक होता. त्यातही सदतीसच अमिनो आम्ले, आणि दोन ओळींत दोनतृतीयांशांहून अधिक जागी तेच अक्षर. हजारो कोसांवरच्या दोन विंचवांचे नाते एका ओळीवरून उलगडले आणि त्यासाठी एकही विंचू मारावा लागला नाही. महाडच्या मुलीला याचे विशेष वाटले. चप्पल झटकून मगच पायात घालायची, ही शिकवण तिला अक्षरओळखीच्याही आधी मिळालेली होती.

मग बाईंनी विचारले, “या अक्षरांनी विंचूदंशाचे रुग्ण वाचले का?”

उत्तर महाडच्या मुलीलाच ठाऊक होते. महाड-पोलादपूर भागात डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव न ऐकलेले घर नसेल. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्या दर तीन-चार रुग्णांमागे एक दगावत असे. हाताशी प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवल्या : घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडी आणि रक्तदाब तासातासाला कसे बदलले, फुप्फुसांत पाणी केव्हा भरले. त्या नोंदींतून विष शरीरात काय करते ते त्यांना दिसले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध येथे उपयोगी पडेल, असे त्यांनी ताडले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शंभरांत एखाद्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनचा शोध लागला तेव्हा फळ्यावरची ती सदतीस अक्षरे कोणाला माहीतही नव्हती.

“अक्षरे मागून आली,” बाई म्हणाल्या. “खाटेजवळची नोंद आधी आली. पुढचे सगळे आठवडे हे विसरू नका. ज्या अक्षराला रुग्णाची नोंद जोडलेली नाही, त्याला अर्थ नाही.”

पुढच्या आठवड्यांत विंचवाच्या सदतीस अक्षरांवरून विद्यार्थी माणसाच्या तीनशे कोटी अक्षरांकडे वळले. कोणाही माणसाची जनुकीय लिपी प्रमाण प्रतीशी ताडून पाहिली, तर चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक निघतो. त्यांतील जवळजवळ सारे फरक निरुपद्रवी असतात. नाक, रंग, उंची वेगवेगळी असावी तसे. आजाराला कारण होणारे अक्षर या ढिगात असेलच तर एखादे, आणि पुष्कळदा एकही नाही. ते शोधण्याची पहिली चाळणी म्हणजे, हा बदल इतर निरोगी माणसांत किती वेळा दिसतो, हा प्रश्न. शंभरांतल्या पाच निरोगी माणसांत आढळणारा बदल क्वचित होणाऱ्या भयंकर आजाराचे कारण असू शकत नाही. २०१५ साली अमेरिकेतील दोन वैद्यकीय संस्थांनी मिळून प्रत्येक बदल तोलण्याचे नियम ठरवले आणि त्यांसाठी पाच कप्पे केले : रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित अर्थाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. आज जगभर हीच वर्गवारी चालते. मधल्या कप्प्यातील बदलावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, हा त्यातील मूलभूत संकेत आहे.

पण ‘इतर निरोगी माणसे’ म्हणजे कोण? बाईंनी यावर पूर्ण एक दिवस दिला. अमेरिकेत हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या एका आनुवंशिक आजारासाठी तपासण्या होत होत्या. काही कृष्णवर्णीय कुटुंबांना ‘रोगकारक बदल’ असल्याचे कळवले गेले. पुढे २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की त्यांतील काही बदल कृष्णवर्णीय निरोगी लोकांत सर्रास आढळणारे होते. मूळ अभ्यासांत तुलनेसाठी कृष्णवर्णीय माणसे पुरेशी घेतलेलीच नव्हती. थोडी घेतली असती तरी चूक टळली असती.

आपल्याकडेही तीच अडचण आहे. जगभरचे प्रयोगशील डॉक्टर ज्या ‘नोमॅड’ नावाच्या माहितीसाठ्यावर विसंबतात, त्याच्या एका बहुवापरल्या आवृत्तीत सुमारे एक लाख एकेचाळीस हजार माणसे आहेत आणि त्यांत दक्षिण आशियाई सुमारे पंधरा हजार. जगातील दर चार-पाच माणसांतला एक दक्षिण आशियाई आहे, हे लक्षात घेतले म्हणजे यातील उणीव कळते. शिवाय भारतीय म्हणजे एकच एक समूह नव्हे. शतकानुशतके जातीत, पोटजातीत सोयरिकी होत राहिल्याने प्रत्येक समाजाची जनुकीय वळणे निराळी झाली. २०१७ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील ८१ समूह असे आढळले, की ज्यांच्यावर मूळच्या थोड्या पूर्वजांचा ठसा युरोपातील अश्केनाझी ज्यू किंवा फिन लोकांपेक्षाही गडद आहे. अशा समूहात एखाद्या पूर्वजातील दोष पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत फिरत राहतो.

व्यापारी समाजातील उदाहरण बाईंनी मुद्दाम सांगितले. दक्षिणेतील वैश्य समाजात काही जणांच्या रक्तात एक विशिष्ट विकर जवळपास नसतेच. एरवी त्यांना कसलाही त्रास नसतो. पण शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध, ज्याचा परिणाम इतरांत काही मिनिटांत ओसरतो, ते यांच्या शरीरात तासन्‌तास टिकते आणि तोवर श्वास यंत्रावर ठेवावा लागतो. कारण ठरलेला बदल एका अक्षराचा आहे. भूलतज्ज्ञाला आधी कळले तर दुसरे औषध निवडता येते. म्हणजे संकट फक्त न सांगितल्यामुळे येते. ही उणीव भरून काढण्यासाठीच देशातील अनेक संस्थांनी मिळून ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पात दहा हजार भारतीयांची संपूर्ण जनुकीय लिपी वाचली. २०२५च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली झाली.

शेवटच्या आठवड्यात संगणक बंद होते. विद्यार्थ्यांनी जोडीने बसून, एकाने रुग्ण व दुसऱ्याने डॉक्टर होऊन, अनिश्चित अर्थाचा अहवाल सोप्या मराठीत सांगायचा होता. घाबरवायचे नाही, खोटा धीर द्यायचा नाही आणि ‘आम्हांला अजून माहीत नाही’ हे वाक्य पुटपुटायचे नाही, स्पष्ट उच्चारायचे. सहापैकी एकालाही ते पहिल्या दिवशी जमले नाही.

पोलादपूरच्या मागच्या खोलीत ही परीक्षा पुन्हा झाली आणि या वेळी समोर मामा होते. भाचीने पाच कप्पे कागदावर काढले, मधल्यावर बोट ठेवले आणि सांगितले, की पुढे माहिती वाढली की मधल्या कप्प्यातील बदल दुसऱ्या कप्प्यात जातात. आणि ज्यांचा निकाल लागतो त्यांतील बहुतेक निरुपद्रवी ठरतात. मामा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे हे उचंत खाते झाले.”

खतावणी ठाऊक असलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको. रक्कम आली, पण कोणाची, कशापोटी, ते कळत नाही. तेव्हा ती उचंत खात्यात टाकायची. ती नफ्यात धरायची नाही, तोट्यातही नाही. तिच्यावरून कोणी दुकान विकत नाही. पण ती तशीच सोडूनही चालत नाही. कागद शोधावे लागतात, माणसांना विचारावे लागते, आणि वर्षअखेरीस तरी तिला तिच्या खऱ्या खात्यात न्यावे लागते.

“मग हिचे कागद कुठे शोधायचे?” मामांनी विचारले.

“घरात,” भाची म्हणाली. “माणसांत.”

पहिली अडचण कागदांचीच होती. मामींच्या उपचारांची सगळी फाईल महाडला नणंदेच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या घरी होती. मुंबईला जाताना-येताना मामी तेथेच उतरत. २०२१च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारात शिरले तेव्हा कापडाच्या गाठी, हिशेबाच्या वह्या आणि ती फाईल एकदमच गेली. भाचीने मुंबईच्या रुग्णालयात अर्ज करण्यास सांगितले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात अनेक वर्षे जपून ठेवण्याची पद्धत असते. तो मिळाला तर मामींच्या आजाराचे मूळ थेट पाहता येईल.

दुसरी गोष्ट वंशावळ. मामांना वाटले, हे काम सोपे आहे. वडिलांनी मूळ गावच्या भाटाच्या वहीतून उतरवून आणलेली वंशावळ घरात होती. नऊ पिढ्यांची, सुवाच्य अक्षरात. भाचीने ती उघडली आणि तिला एकही स्त्री सापडली नाही. बाप, मुलगे, नातू एवढेच. कोणाची आई कोण, कोणाच्या मुली कोठे दिल्या, त्यांचे पुढे काय झाले, याची एकही ओळ नव्हती. या जनुकातील दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो; आणि आलाच, तर तो मुख्यतः मुलींत, आत्यांत, मावश्यांत दिसतो. नऊ पिढ्यांच्या कागदात नेमक्या त्याच नव्हत्या.

मग नव्या कोऱ्या पानावर भाचीने वैद्यकीय पद्धतीची वंशावळ काढायला घेतली; पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, वय, आजार, मृत्यूचे कारण. माहिती दिली ती बयाऐंशी वर्षांच्या आजींनी, म्हणजे मामांच्या आईंनी. आजींना सहा नणंदा, चार बहिणी, त्यांच्या मुली, कोण कोणत्या गावी, कोण कशाने गेली, सारे तोंडपाठ होते. त्यांना हे कोणी कधी विचारलेच नव्हते. मामींच्या माहेरी फोन करायचे मात्र मामा टाळत होते. सोयऱ्यांकडे विचारायचे म्हणजे सांगावेही लागणार. शेवटी मुलीनेच मामाला फोन लावला. पलीकडून आधी शांतता आणि मग अनपेक्षित उत्तर आले : मामींची एक मावशीही छातीच्या गाठीनेच गेली होती. घरात ‘विषमज्वर’ असे सांगितले होते.

१९९० साली अमेरिकन शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगाचे पहिले जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. त्या शोधाचा पाया होता २३ कुटुंबांच्या वंशावळी. त्या घरांनी आपल्या आया, मावश्या, बहिणी यांच्या आजारांविषयी मोकळेपणाने सांगितले, म्हणून आज जगातील कोणत्याही मुलीची तपासणी होऊ शकते. त्या कुटुंबांनीही ‘विषमज्वर’ म्हटले असते, तर हा शोध आणखी किती लांबला असता कोण जाणे.

जूनमध्ये बापलेक मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या जनुकशास्त्र विभागात गेले. भाची बरोबर होती, पण बोलली नाही. तेथे बोलायचा अधिकार तज्ज्ञांचा होता. त्यांनी नवी वंशावळ पाहिली आणि सुचवले, की मुलीत सापडलेला तोच एक बदल वडिलांत आणि आजींत आहे का, ते पाहावे. आजींना पहिली शंका पथ्याची होती. त्या रोज एकासणे करीत आणि सूर्यास्तानंतर पाणीही घेत नसत. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही आणि काही सोडावेही लागत नाही, हे कळल्यावर त्यांनी हात पुढे केला. “माझे रक्त नातीच्या कामी येत असेल तर घ्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

उत्तर यायला काही आठवडे लागले. मुलीतील तो बदल वडिलांत होता, आणि आजींतही होता. म्हणजे ज्या अक्षराला आईच्या मृत्यूचे कारण समजून तिजोरीत कोंडले होते, ते आईकडचे नव्हतेच. ते दुकानाच्या घराण्याचे होते आणि बयाऐंशी वर्षे आजींच्या शरीरात काहीही न करता राहिले होते. तज्ज्ञांनी घाईने निकाल दिला नाही. एका निरोगी वृद्धेवरून बदल निरुपद्रवी ठरत नाही, तो आजही मधल्याच कप्प्यात आहे; पण आईच्या आजाराशी त्याचा संबंध जोडता येत नाही आणि त्याच्यावरून शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्याच वेळी दुसरी गोष्टही सांगितली. आई आणि आईची मावशी यांचा आजार खरा आहे. त्याचे कारण सापडलेले नाही, म्हणून मुलीने तिशीच्या सुरुवातीपासूनच नियमित तपासणी करून घ्यावी. मेणाचा ठोकळा मिळाला, तर कदाचित अधिक कळेल. रुग्णालयाच्या दप्तरात तो शोधण्याचे काम चालू आहे.

घरी परतताना गाडीत मामा म्हणाले, “सहा महिने मी चुकीच्या कागदाला भीत होतो.”

“आणि खऱ्या कागदाविषयी आपण कोणाला विचारलेच नाही,” मुलगी म्हणाली. सहा महिन्यांतले तिचे वडिलांशी बोललेले ते पहिले मोठे वाक्य होते.

साताऱ्याकडच्या घराला निरोप देण्याचा आग्रह तिचाच होता. पत्रिकेचा बहाणा केला होता, हे आधी कबूल करायचे. मग अहवाल, नवी वंशावळ आणि तज्ज्ञांचे पत्र तिन्ही समोर ठेवायचे. वडिलांचे म्हणणे, लग्न जमल्यावर सांगू. तिचे म्हणणे, उचंत रक्कम लपवून ताळेबंद देता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवले. पाहुणे एका रविवारी पोलादपूरला आले. मुलाच्या आईने वंशावळीचा कागद बराच वेळ हातात धरला, वर्तुळांवरून बोट फिरवले आणि विचार करायला पंधरा दिवस मागून घेतले. निघताना त्यांनी आजींना बाजूला घेऊन काही विचारले. काय विचारले ते आजींनी घरात कोणाला सांगितलेले नाही.

आपल्या घरांत रोजमेळ आहे, खतावणी आहे, जमिनीचे उतारे जपून ठेवलेले आहेत. पण आजी कशाने गेली, आत्याला कोणते औषध सोसले नाही, मावशीच्या ‘विषमज्वरा’चे खरे नाव काय, हे एका पानावर लिहून ठेवलेले घर विरळा. तीन पिढ्या पुरेत; फक्त त्यांत मुली आणि सुना, त्यांची माहेरे यांसह, असाव्यात. ज्यांच्या घरातील मुले-मुली वैद्यकाच्या शिक्षणात आहेत, त्यांनी मुलांना हेही विचारावे, की असा अहवाल वाचायला महाविद्यालयात शिकवतात का. शिकवत नसतील तर निवडीच्या आठवड्यांत तो विषय मागून घेता येतो. पुढे त्यांच्यापुढे बसणारा रुग्ण एखाद्या लहान गावचा दुकानदार असेल, हातात खाकी पाकीट घेऊन.

पोलादपूरचे ते पाकीट आता तिजोरीत नाही. ते दुकानाच्या गल्ल्याजवळच्या खणात, चालू वर्षाच्या कागदांबरोबर ठेवले आहे. साताऱ्याच्या पंधरा दिवसांतले नऊ दिवस झाले आहेत.